जलद बांधकाम परवानगी: नेमके काय लवकर होते आणि जबाबदारी कोणाकडे जाते?

प्रश्न: अंगणओटा

घर बांधण्यासाठी, तसेच असलेल्या घरात किरकोळ फेरबदल करण्यासाठी, जलदगतीने मंजुरी देणारे नियम आता अनेक देशांत लागू आहेत. या नियमांचा आधार घेऊन आम्हाला तीन कामे करावयाची आहेत: घराच्या मागील बाजूस एक खोली वाढवणे, स्वयंपाकघर व बैठकीची खोली यांमधील भिंत काढणे, आणि मागच्या दाराबाहेर बसण्यासाठी एक रुंद ओटा बांधणे. जागा उताराची आहे आणि घर जुने असून आमच्या आधीच्या मालकांनीही त्यात काही भर घातलेली आहे.

कंत्राटदारांचे म्हणणे असे की, एवढ्याशा कामासाठी कोणी परवानगी घेत नाही. ओळखीतील एक गृहस्थ सांगतात की, जलद मंजुरी म्हणजे केवळ शुल्क भरून पावती घेण्यापुरता उपचार आहे. दोन्ही सल्ले मला सोयीचे वाटतात आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसत नाही. स्थानिक कार्यालयात काय नियम आहेत ते मी विचारणारच आहे. परंतु तेथे जाण्यापूर्वी या व्यवस्थेमागील तत्त्व समजून घ्यावे, अशी इच्छा आहे. विनापरवानगी करता येणारे काम आणि जलद मंजुरीचे काम यांत फरक कोणता? मंजुरी लवकर मिळते तेव्हा तपासणीतील कोणता भाग गाळला जातो? आणि पुढे एखादे मोजमाप चुकलेले निघाले, तर उत्तर कोणी द्यायचे?

उत्तर: नकाशावाचक

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल. बहुतेक व्यवस्थांत कामांचे तीन थर असतात. सर्वांत खालच्या थरात अशी कामे येतात, ज्यांना नियोजनाची, म्हणजे जागेवर काय व किती बांधायचे याची, परवानगी लागतच नाही. भारताच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत अशा कामांची यादी आहे. रंगकाम, गिलावा, फरशी बदलणे, छपराची कौले पुन्हा बसवणे, दुसऱ्याच्या मालमत्तेकडे न उघडणारे दार किंवा खिडकी भिंतीत नव्याने काढणे अथवा बुजवणे यांसारखी कामे त्यात आढळतात. सर्वांत वरच्या थरात नेहमीचा सविस्तर अर्ज असतो, ज्यात अधिकारी आराखडा पाहून, परिसराचा विचार करून आणि आवश्यक तेथे हरकती ऐकून निर्णय देतात. जलद मंजुरी या दोहोंच्या मध्ये बसते.

या मधल्या थराची खूण अशी की, तेथे अधिकाऱ्याच्या विवेकाला जवळपास वाव ठेवलेला नसतो. उंची, हद्दीपासून मोकळे सोडायचे (सामासिक) अंतर, व्यापलेले क्षेत्र, मजले, सर्व काही आकड्यांत आधीच ठरवून दिलेले असते आणि आराखडा त्या आकड्यांत बसतो की नाही, एवढेच पाहिले जाते. वेळ वाचतो तो याच ठिकाणी. ‘हे घर येथे शोभेल का’, ‘शेजारच्या अंगणात फार सावली पडेल का’ हे प्रश्न त्या अर्जापुरते विचारले जात नाहीत, कारण त्यांची उत्तरे नियम लिहिणाऱ्यांनी सरसकट देऊन ठेवलेली असतात. म्हणून नियम शिथिल झाले, हा समज चुकीचा आहे. सविस्तर अर्जात थोडे इकडेतिकडे झालेले चालू शकते, येथे ते मुळीच चालत नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २००८ मध्ये केलेली व्यवस्था या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तेथे निकषांत बसणाऱ्या घराला नियोजनाची आणि बांधकामाची मंजुरी एकाच प्रमाणपत्राने मिळते आणि ते प्रमाणपत्र नगर परिषद किंवा नोंदणीकृत खासगी प्रमाणक, म्हणजे आराखडा तपासून दाखला देणारा तज्ज्ञ, यांपैकी कोणीही देऊ शकते. दोन मजल्यांपर्यंतचे, साडेआठ मीटरपर्यंत उंचीचे घर या वाटेने जाऊ शकते, मात्र भूखंड किमान २०० चौरस मीटरचा असावा लागतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही हाच विचार दिसतो: जोखीम कमी, तर छाननी कमी. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आवश्यक कागदपत्रे व शुल्क सादर करून काम सुरू करता येते आणि १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. आपल्या परिचितांनी ‘पावती’ म्हटले ते बहुधा यावरूनच. पण त्या पावतीच्या मागे परवानाधारक तज्ज्ञाने केलेला आणि नियमांत तंतोतंत बसणारा आराखडा असावा लागतो, हे सांगायचे ते विसरले असावेत.

उत्तर: फूटपट्टी

वरील विवेचन योग्यच आहे. परंतु प्रश्नकर्त्यांनी ‘जागा उताराची आहे’ आणि ‘आधीच्या मालकांनी भर घातली आहे’ ही दोन वाक्ये जाता जाता लिहिली आहेत आणि माझ्या मते सारा प्रश्न त्या दोन वाक्यांतच आहे.

उंची मोजायची ती कोठून? न्यू साउथ वेल्समध्ये इमारतीच्या प्रत्येक बिंदूखाली जी मूळ जमीन आहे, तेथून सरळ वर मोजतात. त्यामुळे चढाच्या बाजूने सात मीटर भरणारे घर उताराच्या बाजूने साडेआठच्या पुढे सहज जाते आणि छपराचा तो एक कोपरा संपूर्ण प्रस्ताव जलद वाटेतून बाहेर काढतो. इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियोजनविषयक आदेशान्वये जे बांधकाम नियोजनाच्या अर्जाविना करता येते, त्यात जमीन एकसारखी नसेल, तर इमारतीला लागून असलेल्या जमिनीचा सर्वांत उंच भाग धरला जातो. म्हणजे तोच उतार, तेच छप्पर, आणि एका देशात ते नियमात बसते, दुसऱ्या देशात बसत नाही. भराव टाकून जमीन सपाट करून मग मोजू, असा विचार कोणी सुचवला तर तो कानाआड करावा. मोजणी मूळ पातळीवरूनच होते.

ओट्याचेही तसेच आहे. न्यू साउथ वेल्समध्ये घराजवळचा ओटा किंवा लाकडी चौथरा २५ चौरस मीटरपर्यंत आणि जमिनीपासून एक मीटरपर्यंत असेल, तर इतर अटी पाळून तो विनापरवानगी करता येतो. इंग्लंडमध्ये मात्र ३० सेंटिमीटरपेक्षा उंच चौथऱ्याला ही सवलत मिळत नाही. मागच्या दाराचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे ते आधी मोजावे. उताराच्या जागेत ओटा दाराशी समपातळीत आणि दुसऱ्या टोकाला छातीएवढा उंच, असे हमखास होते; त्या टोकावरून शेजाऱ्यांच्या खिडकीत थेट नजर जाते आणि ही मर्यादा घालण्यामागे तेच एक मोठे कारण आहे.

आता जुन्या वाढीव बांधकामाविषयी. इंग्लंडमध्ये मागील बाजूस एकमजली वाढ करायची, तर स्वतंत्र घराला चार मीटर आणि शेजारच्या घराला भिंत लागून असलेल्या घराला तीन मीटर लांबीपर्यंत साधी सवलत आहे. ही लांबी ‘मूळ घराच्या’ मागच्या भिंतीपासून मोजतात आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी जसे होते तसे, किंवा त्यानंतर बांधले असल्यास पहिल्यांदा बांधले तसे. आधीच्या कोण्या मालकाने अडीच मीटर वाढवून ठेवले असतील, तर त्यांचा हिशेब आपल्याच खात्यात लागतो. आपल्याकडील नियमात ही तारीख नसेलही. परंतु आधीची भर मंजूर नकाशात आहे का, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. नसेल, तर नव्या खोलीच्या अर्जातून जुन्या खोलीचे प्रकरण उघडे पडते. जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास परवानगी असल्याचा दाखला) हाती आल्याखेरीज नव्या खोलीची रेघही काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: तुळईखांब

मधली भिंत काढण्याबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडे लिहितो. घराच्या आत केलेल्या आणि बाह्यरूप न बदलणाऱ्या फेरबदलांना नियोजनाची परवानगी बहुधा लागत नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम ४३ मध्येही असा अपवाद आहे. पण नियोजनाचा कायदा एक आणि इमारत उभी राहण्याची सुरक्षितता दुसरी. जी भिंत काढायची, ती केवळ आडोसा आहे की वरच्या मजल्याचा अथवा छपराचा भार तिच्यावर आला आहे, हे संरचना अभियंत्याने प्रत्यक्ष पाहून सांगितले पाहिजे. भिंतीवर टकटक करून ‘पोकळ वाजते, काढा’ असा निर्वाळा देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. भार वाहणारी भिंत असेल, तर काढण्यापूर्वी टेकू, वर घालायची तुळई, आणि तुळईच्या दोन्ही टोकांखाली भार उतरवण्याची सोय, या तिन्ही गोष्टींचे आकडेमोडीसह रेखाचित्र हवे.

सवलत दिल्यावर ती मागेही घ्यावी लागते, याचे ताजे उदाहरण जपानचे आहे. तेथे वास्तुविशारदाने आराखडा केलेला असल्यास दोन मजल्यांपर्यंतच्या साध्या लाकडी घरांची संरचनात्मक तपासणी मंजुरीच्या वेळी गाळली जात असे. एप्रिल २०२५ पासून ही मुभा मुख्यतः २०० चौरस मीटरपर्यंतच्या एकमजली घरांपुरती उरली आहे आणि दुमजली लाकडी घरांच्या मोठ्या दुरुस्त्यांनाही आता आधी मंजुरी लागते. ऊर्जाबचतीसाठी घरांत जाड उष्णतारोधक थर, जड खिडक्या आणि छपरावर सौर पॅनेल आले, घरे जड झाली आणि भूकंपाला तोंड देणाऱ्या भिंतींचे जुने प्रमाण अपुरे ठरू लागले, हे त्यामागील कारण. छपरावर पॅनेल बसवण्याचा आपलाही विचार असेल, तर तो अभियंत्याला आताच सांगावा, भिंत काढून झाल्यावर नव्हे.

प्रतिप्रश्न: अंगणओटा

सर्वांचे आभार. उंबरा आज मोजला. उताराच्या टोकाला ओटा बराच उंच होणार आहे असे दिसते. दोन शंका उरतात. ठरावीक मुदतीत कार्यालयाने काहीच कळवले नाही, तर परवानगी मिळाली असे धरून काम सुरू करता येते का? आणि शेजाऱ्यांना या जलद वाटेत काहीच म्हणता येत नाही का? आमचे संबंध चांगले आहेत व ते तसेच राहावेत, असे वाटते.

उत्तर: नकाशावाचक

मुदत उलटल्यावर परवानगी मिळाली असे मानण्याची, म्हणजे मानीव परवानगीची, तरतूद काही कायद्यांत आहे. महाराष्ट्राच्या अधिनियमात कलम ४५ अन्वये ६० दिवस धरलेले आहेत. मात्र तेथेच अट आहे की, प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांना आणि योजनेला काटेकोरपणे अनुरूप असला पाहिजे. म्हणजे कार्यालय गप्प राहिले म्हणून चुकीचा आराखडा बरोबर होत नाही. आपल्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. छाननी कमी झाली की तपासण्याचा भार आराखडा करणाऱ्या तज्ज्ञावर आणि प्रमाणपत्र देणाऱ्यावर येतो, आणि त्यांच्या चुकीचा फटका मात्र प्रथम मालकाला बसतो, कारण पाडावे लागते ते मालकाचे घर. न्यू साउथ वेल्समध्ये प्रमाणपत्र हाती असूनही बांधकाम ठरलेल्या निकषांत बसत नाही असे आढळले, तर न्यायालय ते प्रमाणपत्र रद्दबातल ठरवू शकते. म्हणून तज्ज्ञाशी लेखी करार करावा आणि मोजमापांची जबाबदारी कोणाची, हे त्यात नमूद करून घ्यावे. ओळखीच्या माणसाकडे असा कागद मागायला संकोच वाटतो, हे खरे, तरीही मागावा.

शेजाऱ्यांच्या बाबतीत देशागणिक फरक आहे. न्यू साउथ वेल्सच्या शहरी भागात नवे घर किंवा वाढीव बांधकाम यांसाठी प्रमाणपत्र देण्यापूर्वी २० मीटरच्या आतील शेजाऱ्यांना १४ दिवस आधी कळवतात. पण ते कळवणे माहितीपुरते असते, निकषांत बसणारे काम त्यांच्या नापसंतीमुळे अडत नाही. इंग्लंडमध्ये मागील वाढ नेहमीच्या मर्यादेपेक्षा मोठी, म्हणजे स्वतंत्र घराला आठ मीटरपर्यंत न्यायची असेल, तर लगतच्या शेजाऱ्यांना किमान २१ दिवस देतात आणि त्यांनी हरकत घेतली तरच त्यांच्या घरावर होणारा परिणाम तपासला जातो. सामाईक भिंतीसाठी तेथे १९९६ चा वेगळा कायदाही आहे.

उत्तर: फूटपट्टी

एक मतभेद नोंदवतो. जलद वाट उपलब्ध आहे म्हणून तिच्यातूनच जावे, असे नाही. आपल्या उताराच्या जागेत खोली आणि ओटा निकषांत कोंबायचे म्हटले, तर खोलीचे छत ठेंगणे होईल आणि ओटा दारापासून दोन पायऱ्या खाली जाईल. म्हणजे काही आठवडे वाचवण्यासाठी कायमची गैरसोय. त्यापेक्षा भिंतीचे काम अभियंत्याच्या रेखाचित्रावर स्वतंत्रपणे करावे, आणि खोली व ओटा एकत्र सविस्तर अर्जात घालावेत. तो अर्ज करण्याआधी जागेच्या समपातळी रेषांसह (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांसह) मोजणी करून घ्यावी आणि शेजाऱ्यांना नकाशा स्वतः नेऊन दाखवावा. ओट्याच्या उंच टोकाला त्यांच्या बाजूने आडपडद्याची भिंत किती उंच हवी, हे त्यांनाच विचारले आणि ती उंची अर्जातील नकाशात दाखवली, तर हरकतीचे मुख्य कारणच राहत नाही.

प्रश्नकर्ते: अंगणओटा

हा सल्ला पटला. जुन्या मंजूर नकाशाच्या प्रतीसाठी उद्या अर्ज देत आहे. आधीच्या मालकांची खोली त्यात दिसते की नाही, ते येथे कळवीन.