लोहगावच्या जुन्या फोटोंमधली विमानं कोणती? जाणकारांनी मदत करा

मेघना_पुणे:
नमस्कार मंडळी. माझे आजोबा एअरफोर्समध्ये एअरमन होते, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारे. १९४८ ला भरती झाले आणि साठच्या दशकात रिटायर होऊन घरी आले, एवढंच घरात सगळ्यांना माहिती. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आत्याकडून त्यांचा एक अल्बम मिळालाय, त्यात विमानांसोबतचे पाच फोटो आहेत आणि मला कुठलंच विमान ओळखता येत नाहीये. फोटोत इतर लोकांचेही चेहरे आहेत, त्यांच्या घरच्यांना न विचारता इथे टाकणं बरं वाटत नाही, म्हणून वर्णनच देते.

पहिला ग्रुप फोटो. मागे खूप मोठं विमान, चार पंखे, पंख अंगाच्या पार वरच्या बाजूला, आणि शेपटीला दोन्ही टोकांना उभ्या लंबगोल थाळ्या. बाजूला नंबर आहे, एच ई ८ एवढंच दिसतंय, पुढचं कोणाच्या तरी डोक्यामागे गेलंय. दुसऱ्यात जेट आहे, दोन इंजिनं पंखांच्या मधोमध, पुढे जमिनीवर ट्रॉलीवर बॉम्ब ठेवलेत, मागे पेन्सिलने 'पूना १९५५' लिहिलंय. तिसऱ्यात छोटं विमान, मागे दोन दांडे निघालेत आणि आजोबा पंखावर हात ठेवून उभे आहेत, पंख त्यांच्या कमरेइतकाच उंच. त्याच्या अंगावर जे गोल चिन्ह आहे ते चाकासारखं दिसतंय, आरे असलेलं. चौथ्यात नुसतं नाक आलंय, पुढे गोल भोक आणि पंखाच्या टोकाला मोठी टाकी. पाचव्यात शिडीवर उभा राहून कोणीतरी इंजिन उघडलंय, तीन पात्यांचा पंखा, बाकी विमान फ्रेमच्या बाहेर.

मोबाईलवर फोटो सर्च करून बघितलं तर पहिल्याला लँकास्टर म्हणतंय आणि दुसऱ्याला मीटिऑर. हे बरोबर आहे का?

रिव्हेट:
मेघनाताई, दोन्ही चूक. फोटो सर्चवर अजिबात विसंबू नका, त्याला 'चार इंजिनं आणि दोन शेपट्या' एवढंच समजतं आणि जगात लँकास्टरचे फोटो जास्त आहेत म्हणून तो तेच नाव फेकतो.

पहिलं विमान लिबरेटर आहे, बी २४. फरक सोपा आहे, लँकास्टर जमिनीवर शेपटी टेकवून बसतं, नाक आभाळाकडे. लिबरेटरला नाकाखाली चाक असल्यामुळे ते सपाट उभं राहतं, शिवाय पंख पार वर, लांबलचक आणि अरुंद, त्याखाली ते खोल पोट. पोटाकडे बघा, बॉम्बची दारं खाली लोंबत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर सरकतात. आणि सगळ्यात मोठा पुरावा तुम्हीच दिलात, एच ई. आपल्या एअरफोर्सने विमानाच्या प्रकाराप्रमाणे अक्षरं ठरवली होती, एच ई म्हणजे लिबरेटर. टेम्पेस्टला एच ए, स्पिटफायरला एच एस, डाकोटाला एच जे, मिस्टेरला आय ए, तूफानीला आय सी, नॅटला आय ई, कॅनबेराला आय एफ, हंटरला बी ए. जुन्या फोटोत आधी ही दोन अक्षरं शोधायची, मग बाकीचं.

या लिबरेटरची कथा मला फार आवडते म्हणून सांगतोच. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला ही विमानं मुद्दाम मोडूनतोडून टाकून दिली होती, कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून. एचएएल या बंगलोरच्या विमान कारखान्याच्या माणसांनी त्या भंगारातून एकेक उडण्यापुरतं उभं केलं आणि टेस्ट पायलट जमशेद मुंशी ती कानपूरहून बंगलोरला उडवत घेऊन गेले, तिथे पूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या वर विमानं मिळाली! १९४८ च्या नोव्हेंबरात त्यावर ५ नंबरची स्क्वॉड्रन, म्हणजे एअरफोर्सची तुकडी, उभी राहिली, आणि पुण्यातली ६ नंबर स्क्वॉड्रन समुद्रावरच्या टेहळणीसाठी थेट १९६८ च्या शेवटापर्यंत ती उडवत होती. बाकी जगात तोवर बहुतेक लिबरेटर वितळवून झाले होते, म्हणून आपल्याकडचे परदेशी म्युझियममध्ये गेले. लंडनच्या आरएएफ म्युझियमकडे गेलेलं एच ई ८०७ हे आपलंच. तुमच्या फोटोत ८ च्या पुढे काय आहे ते बघाच, मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवला तर डोक्याच्या कडेला अर्धा आकडा सापडू शकतो.

धावपट्टी२८:
दुसऱ्या फोटोबद्दल मी लिहितो. पंखांच्या मधोमध दोन इंजिनं असलेलं मोठं जेट आणि पुणे म्हटल्यावर कॅनबेराच. मीटिऑर लहान असतं आणि आपल्या एअरफोर्सने ते स्क्वॉड्रनमध्ये कधी घेतलंच नाही. खात्रीसाठी पायलटची काच बघा, ती मधोमध आहे की डाव्या बाजूला सरकलेली? आपल्याकडची बहुतेक कॅनबेरा बी आय ५८ होती, त्यात पायलटची बुडबुड्यासारखी काच डावीकडे असते आणि नेव्हिगेटर पुढे नाकात. फोटो काढणाऱ्या पी आर ५७ ला काच रुंद आणि मधोमध. पोटाखाली चपटा डबा दिसला तर तो तोफांचा, वीस मिलिमीटरच्या चार.

पण मग १९५५ बसत नाही. कॅनबेरा आपल्याकडे आल्याच १९५७ ला. म्हणजे फोटो तरी कॅनबेराचा नाही किंवा तारीख तरी नंतर कोणी अंदाजाने टाकलीये. अशा वेळी मी कायम विमानाच्या बाजूने जातो, कारण विमान फोटो काढताना तिथे उभं होतं, पेन्सिल कधी चालली ते कोणाला माहिती. अक्षर कोणाचं आहे ते ओळखता येतंय का?

मेघना_पुणे:
बाप रे, किती पटापट! भिंग घेऊन बसले होते. दुसऱ्यात काच खरंच डावीकडे आहे, आणि पोटाखाली चपटा डबाही आहे, मला ती सावली वाटत होती. अक्षर आत्याचं आहे, तिने लग्नानंतर अल्बम नीट लावला तेव्हा लिहिलं म्हणे, आणि १९५५ हे तिच्या स्वतःच्या जन्मसालावरून धरलं होतं. म्हणजे १९५७ नंतरचाच.

एक विचारू का, ट्रॉलीवर बॉम्ब आहेत म्हणजे हा गोव्याच्या वेळचा असेल का? घरात असं बोललं जायचं की आजोबा गोवा मुक्तीच्या वेळी पुण्यात ड्यूटीवर होते.

धावपट्टी२८:
पुण्यात होते हे अगदी शक्य आहे. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी पुण्याहूनच बारा कॅनबेरा गेल्या आणि गोव्यातल्या दाभोळी विमानतळाची धावपट्टी फोडली, पुढारी विंग कमांडर मेनन. नंतर आठ कॅनबेरांचा दुसरा हल्ला झाला. हंटर बेळगावजवळच्या सांब्र्याहून उडाली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं.

पण फक्त बॉम्बवरून तो दिवस ठरवू नका हं. सरावाला बॉम्ब वर्षभर लागायचे, आणि ऐन मोहिमेच्या दिवशी फिटर लोकांना ओळीत उभं करून फोटो काढायला कोणाला वेळ होता! सावल्या लांब आहेत का, लोकांनी जर्सी घातलीये का की हाफ शर्ट, मागे ट्रक कुठला आहे हे बघा. बोनेटवाला शक्तिमान असेल तर फोटो १९५९ च्या आधीचा असूच शकत नाही, तो जबलपूरला त्याच वर्षी बनायला लागला.

रिव्हेट:
उरलेल्यांचं सांगतो. तिसरं व्हँपायर, शंभर टक्के. दोन दांडे पॅकेटलाही असतात पण ते आडदांड मालवाहू, दोन पंख्यांचं, त्याच्या पंखावर हात ठेवायला शिडी लागेल. व्हँपायर इतकं बुटकं की माणूस बाजूला उभा राहिला की पंख कमरेला येतो. त्याच्या पुढच्या भागाची बांधणी लाकडाची होती हे सांगितलं की आजही लोक चकित होतात, प्लायवूड आणि बाल्सा, वर कापड आणि रंग. जेट विमान लाकडाचं, आणि तुमचे आजोबा एअरफ्रेमचे, म्हणजे त्यांच्या हाताखालून सुतारकामसुद्धा गेलं असणार!

चाकाचं जे म्हणालात ते सगळ्यात मौल्यवान आहे. आधी इंग्रजांचं निळं लाल वर्तुळ होतं, आणि १९५० पासून केशरी पांढरा हिरवा आला. मधल्या दोनेक वर्षांत विमानांवर निळं अशोकचक्र रंगवलेलं असायचं. पहिली व्हँपायर १९४८ च्या अखेरीस आली, म्हणजे तुमचा फोटो १९४८ ते १९५० च्या आसपासचा, आजोबा अगदी नवे रंगरूट असतानाचा. अशा चक्राचे फोटो फार कमी बघायला मिळतात, जपून ठेवा. बाकी फोटोत मात्र वर्तुळाच्या काळ्या पांढऱ्या छटांवरून रंग ठरवायला जाऊ नका, काही जुन्या फिल्मवर लाल आणि केशरी जवळजवळ काळे येतात आणि निळा फिका पडतो, त्यामुळे वर्तुळ उलटंच वाटतं.

चौथं तूफानी, म्हणजे फ्रेंच उरागां. नाकाला भोक मिस्टेरलाही असतं पण मिस्टेरचं जरा दाबलेलं, लंबगोल आणि पंख मागे वळलेले. तूफानीचं भोक गोल, आत मधोमध उभा पडदा दिसतो आणि सरळ पंखाच्या टोकाला ती टाकी कायमची बसवलेली असते. ही विमानं १९५३ पासून आली.

पाचव्यात फसगत होते. लिबरेटर आणि डाकोटा दोघांचं इंजिन एकाच घराण्यातलं, प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, दोघांचा पंखा तीन पात्यांचा. कव्हरचा आकार बघा. डाकोटाचं समोरून गोल. लिबरेटरचं आडवं लंबगोल, कारण इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवा घ्यायला कप्पे काढलेत.

मांडवीकर:
गोव्याहून थोडी भर. दाभोळीवरच्या हल्ल्यात टर्मिनल आणि टॉवरला धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, फक्त धावपट्टी. तिथे तेव्हा दोन प्रवासी विमानं अडकली होती, त्यातलं एक पोर्तुगीज कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन, आणि ती दोन्ही रात्री त्या फुटक्या धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून उडून कराचीला निघून गेली.

हे इथे लिहायचं कारण म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशनला तीन उभ्या शेपट्या असतात आणि जुन्या फोटोत एक शेपटी अंगामागे लपली की लोक त्याला दोन शेपट्यांचं समजून लिबरेटर म्हणून मोकळे होतात. पुण्यातली ६ नंबर स्क्वॉड्रन साठच्या दशकात लिबरेटरबरोबर एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशनही उडवायची, म्हणजे एकाच फोटोत दोन्ही असू शकतात. मेघनाताईंच्या फोटोत पंख वर आहेत म्हणजे ते लिबरेटरच, कॉन्स्टेलेशनचे पंख खाली असतात आणि अंग माशासारखं वाकलेलं. बघायचं असेल तर बोगमाळोजवळच्या नेव्हीच्या म्युझियममध्ये एक उभं आहे, आधी एअर इंडिया, मग एअरफोर्स, मग १९७६ ला नेव्ही असा प्रवास केलेलं. तिथे व्हँपायरही आहे, तुमच्या आजोबांसारखं बाजूला उभं राहून बघा पंख कुठे येतो ते.

मेघना_पुणे:
पाचव्याचं कव्हर आडवं आहे! म्हणजे लिबरेटर. आणि चौथ्यात तो उभा पडदा पण दिसला. पण तिसरा आणि चौथा पुण्याचे आहेत का हे कसं कळणार? मागे काहीच लिहिलेलं नाही.

धावपट्टी२८:
विमानावरून नाही कळणार, विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर जात येत असतात. आजोबांचं डिस्चार्ज बुक शोधा, घरात पेन्शनच्या कागदांसोबत असतं बहुतेक. त्यात कुठल्या साली कुठल्या युनिटला होते ते ओळीने लिहिलेलं असतं. ते नसेल तर दिल्लीला सुब्रतो पार्कमध्ये एअरफोर्स रेकॉर्ड ऑफिस आहे, आजोबांचा सर्व्हिस नंबर आणि नातं दाखवणारी कागदपत्रं जोडून अर्ज करा, सर्व्हिस नंबर पेन्शनच्या पासबुकाजवळच्या कागदांवर सापडेल.

आणि फोटो अल्बममधून ओढून काढू नका, जुना गोंद असतो, वरचा थर सोलून निघतो. पानासकट स्कॅन करा, निदान १२०० डीपीआयला, फोटोची मागची बाजू दिसत असेल तर तीही. आत्याचं पेन्सिलचं लिखाण खोडू नका, खाली वेगळ्या कागदावर नवीन माहिती लिहून ठेवा. चेहरे दाखवायचे नसतील तर नुसता शेपटीचा आणि नंबरचा तुकडा कापून टाका इथे, एच ई ८ च्या पुढचं आपण मिळून वाचू.