पहिल्यांदा दवाखान्यात जायचं आहे, संगं काय नेऊ अन काय सांगू?

राळेगावकडची
नमस्कार ताई, लग्नाले दीड वर्ष झालं, घरीच टेस्ट केली तर दोन लाइनी आल्या. शेवटची पाळी लिहून नाही ठेवली पण पोळ्याच्या आदल्या दिवशी आली हे पक्कं, कारण त्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकाले सगळे गेले अन मी बाजूले बसून होती. सासूबाई म्हणतात तीन महिने भरल्याशिवाय कोणाले सांगू नये, दवाखानाही तेव्हाच. आमच्या यांची सोयाबीनची घाई चालू आहे, ते म्हणतात दिवाळी झाली की जाऊ. पीएचसी (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र) 11 किलोमीटर आहे. काय काय विचारतात, कागदं कोणते लागतात? अन एक, माह्या सख्ख्या मामेबहिणीले सिकलसेल (रक्ताचा पिढीजात आजार) आहे, सासरी हे माहीत नाही, डॉक्टरले सांगू का? रात्री झोप नाही येत.

आशाताई_वर्धा
बाई अभिनंदन! पहिले हे ऐक, यंदा (2025 साली) पोळा 22 ऑगस्टले होता म्हणजे तुही तारीख 21 ऑगस्ट, त्यात नऊ महिने सात दिवस मिळव, 28 मेच्या आसपास येते. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच असते. नोंदणी 12 आठवड्याच्या आत व्हावं लागते, सासूबाईले म्हण का गावाले नाही सांगत, फक्त सिस्टरले सांगतो. नऊ वर्षांपासून हे काम करून राहिली मी, "तीन महिने भरू दे" म्हणता म्हणता पाचव्या महिन्यात आलेल्या पोरी पाहिल्या, अन तेव्हा एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) फक्त सात. जीव कळवळते.
आधार कार्ड, बँक पासबुक, नवऱ्याचं आधार, आधीचे काही रिपोर्ट असन तर ते, अन चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीटच नेजो, नाव आठवत बसू नको. वजन, बीपी, रक्त, लघवी तपासतात, रक्तगट पाहतात, एचआयव्हीचीही तपासणी होते, ती सगळ्याच बायांची करतात, घाबरू नको. तिथंच माता बाल संरक्षण कार्ड भेटते, ते शेवटपर्यंत जपून ठेव. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लगेच चालू होते, लोहाची चौथ्या महिन्यापासून, ती चहासंगं नाही घ्यायची, लिंबूपाण्यासंगं घे, शौच काळी होते ते गोळीमुळंच. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5000 दोन हप्त्यात येतात, खातं आधारले जोडलेलं पाहिजे. दर महिन्याच्या 9 तारखेले मोठी तपासणी असते पण तिची वाट नको पाहू, याच आठवड्यात जाय. अन रक्त दिसलं किंवा पोटात जोरात दुखलं तर रात्र असली तरी 108 ले फोन लाव.

पिवळं_कार्डवाली
सिकलसेलचं सांगच, सगळ्यात आधी ते सांग. मी स्वतः वाहक आहे, म्हणजे आजार नाही पण तो बाळाकडे जाऊ शकतो, मला काही त्रास नाही म्हणून लग्नाआधी तपासलंच नव्हतं, आणि मी ज्या खाजगी दवाखान्यात जायची तिथं कोणी विचारलंही नाही, सातव्या महिन्यात कळलं. ते दोन महिने कसे काढले माझं मला माहीत. तुझी तपासणी कर, वाहक निघालीस तर मिस्टरांचीही लगेच कर. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला आजार व्हायची, आणि पोटातल्या बाळाची तपासणी साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात करता येते, त्यासाठी मोठ्या दवाखान्यात पाठवतात. म्हणून थांबू नकोस. बहिणीचं नाव घ्यायची गरज नाही, नात्यात आहे एवढंच सिस्टरला बाजूला घेऊन सांग.

कापूसवाला
ताई, हे दादाले वाचून दाखवा. सोयाबीन एक दिवस थांबते, गंजी झाकून ठेवा अन गाडीवर सावकाश घेऊन जा. माह्या बायकोच्या वेळेस मी पहिल्या तपासणीले नाही गेलो, ते आजही लागते मनाले. अन कपाशीवर फवारणी चालू असन तर ताईले वावरात नेऊ नका, फवारणीचे कपडे तिच्या हातून धुवून घेऊ नका, 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर गेले ते सगळ्यायनं पाहिलं.

राळेगावकडची
सगळ्यायचे लय आभार. यायले वाचून दाखवलं, पहिले गप बसले मग म्हणाले परवाच जाऊ, माही बी सिकलसेलची तपासणी करून घेऊ. सासूबाई आत्ताच विचारून गेल्या, सकाळी निघाच्या आधी खाऊन जायचं का उपाशी?

आशाताई_वर्धा
पोटभर खाऊन जाय माय, अन पाण्याची बाटली घेजो, रांग असते.