कासवाचे लिंग कोण ठरवते: तापमान, जनुके की जनुकांवरच्या खुणा?

अनघा
पिल्लाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच गुणसूत्रांनी ठरते, हा शाळेत पक्का झालेला नियम मगरींना आणि बहुसंख्य कासवांना लागू पडत नाही. त्यांच्यात अंडे किती तापमानाला उबते, यावर पिल्लू नर होईल की मादी हे ठरते. माझे म्हणणे याच्या एक पाऊल पुढचे आहे. डीएनएच्या अक्षरक्रमाला हात न लावता जनुके उघडणाऱ्या किंवा मिटवणाऱ्या रासायनिक खुणा, म्हणजेच एपिजेनेटिक यंत्रणा, येथे निर्णय घेते असे आता स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

लाल कानांच्या स्लायडर कासवाची अंडी २६ अंश सेल्सिअसला उबवली तर सगळे नर निपजतात, ३२ अंशांना सगळ्या माद्या. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते त्यांवरील मिथाइल खुणा पुसणारे केडीएम६बी हे विकर २६ अंशांना अधिक बनते, डीएमआरटी१ या जनुकाजवळची खूण पुसते, आणि ते जनुक जागे झाले की वृषण घडू लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २६ अंशांनाच हे विकर रोखले, तेव्हा जगलेल्या भ्रूणांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मादीच्या वाटेला गेले. तापमान तेच होते. थांबली होती ती खूण पुसण्याची क्रिया.

श्रीनिवास
अनघाताई, प्रयोगाविषयी दुमत नाही, निष्कर्षाविषयी आहे. त्याच अभ्यासात डीएमआरटी१चे कार्य मुद्दाम वाढवले, तेव्हा विकराच्या अभावीही भ्रूण पुन्हा नराच्या दिशेने वळले. शिवाय २०२० मध्ये याच कासवात दिसून आले की उबदार तापमानाला पेशींत कॅल्शियम शिरते, स्टॅट३ हे प्रथिन सक्रिय होते आणि तेच केडीएम६बीचे जनुक दाबून टाकते. म्हणजे हे विकर वरून आलेल्या हुकमाप्रमाणे चालते आणि त्याचे काम एका जनुकापाशी संपते. अशा मधल्या दुव्याला निर्णयकर्ता म्हणणे म्हणजे निकालाचे श्रेय तो बजावणाऱ्या बेलिफाला देणे होय.

अनघा
हीच कसोटी सस्तन प्राण्यांना लावून पाहा. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुकाला आपण सगळेच निर्णायक मानतो. त्याचे मुख्य काम मात्र सॉक्स९ हे जनुक वाढवण्याचे, आणि एक्सएक्स उंदरांत सॉक्स९ थेट चालू केले तर एसआरवायशिवायही वृषण बनते. मग एसआरवायही बेलिफच ठरेल. उलट २०१३ मध्ये असे आढळले की हिस्टोनवरची वेगळीच एक खूण पुसणारे विकर नसलेल्या उंदरांत एसआरवाय नीट चालू होत नाही आणि एक्सवाय पिल्ले मादीही होऊ शकतात. जनुक जागेवर असूनही ते पुरेसे ठरले नाही, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

मिलिंद
माशांचे उदाहरण यात यायलाच हवे. कोकणात ज्याला लेप म्हणतात, त्याच्याच कुळातल्या चीनच्या समुद्रातील एका माशात लिंगगुणसूत्रे असतात: झेडझेड नर, झेडडब्ल्यू मादी. तरीही उबदार पाण्यात वाढलेल्या काही झेडडब्ल्यू माद्या नर बनतात, आणि अशा नरांच्या डीएनएवरील मिथाइल खुणा पुढच्या पिढीतही दिसतात. त्यांची झेडडब्ल्यू संतती पाणी न तापवताही नर होऊ शकते. तापमानाचा हुकूम नसताना खूण टिकून राहते, तर तिला निव्वळ निरोप्या कसे म्हणावे?

श्रीनिवास
हे उदाहरण वजनदार आहे, हे मान्य. तरी तिथेही खुणेचा परिणाम होतो तो डीएमआरटी१ या झेड गुणसूत्रावरच्या जनुकावर. त्या जनुकाशिवाय खुणेला काही अर्थ उरत नाही, म्हणून ‘निर्णय’ हा शब्द मी जनुक आणि परिस्थिती यांच्यासाठीच राखून ठेवीन.

स्नेहल
हा वाद किनाऱ्यावर काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडावा, एवढीच माझी इच्छा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी संरक्षणासाठी कुंपणातील खड्ड्यांत हलवली जातात, आणि नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे लिंग बाहेरून पाहून कळत नाही. स्लायडर हे गोड्या पाण्यातले कासव आहे, त्यामुळे तिथली रासायनिक साखळी जशीच्या तशी समुद्री कासवांना लावू नये. पण त्यांचे लिंगही तापमानावरच ठरते आणि वाळू जास्त तापली की माद्या वाढतात, हे निश्चित आहे. उबवणीच्या काळाचा मधला तिसरा हिस्सा यासाठी कळीचा असतो. निदान त्या दिवसांत तरी प्रत्येक खड्ड्यातील तापमानाची नोंद अंड्यांच्या खोलीवर व्हावी, कारण पिल्लाचे लिंग ठरते ते तिथल्या तापमानानुसार, वरच्या वाळूच्या नव्हे.