गद्दर यांचं नाव सरकारी चित्रपट पुरस्काराला : योग्य की अयोग्य?

माळरान : तेलंगण सरकारने चित्रपट पुरस्कारांना लोककवी गद्दर यांचं नाव दिलं, जून २०२५ मध्ये ते वाटलेही. मला हे साफ चूक वाटतं. ‘ओरे रिक्षा’ या तेलुगू चित्रपटातल्या गाण्यासाठी मिळालेला सरकारी नंदी पुरस्कार त्यांनी नाकारला होता. १९८५ मध्ये आंध्रातल्या कारमचेडू गावात दलितांचं हत्याकांड झालं, त्याविरुद्ध त्यांनी रान उठवलं; पुढे १९९० पर्यंत भूमिगत राहावं लागलं. १९९७ मध्ये हल्लेखोरांनी घरी येऊन त्यांना गोळ्या घातल्या, त्यातली एक शेवटपर्यंत पाठीच्या कण्यात होती. अशा माणसाला मानचिन्हावर कोरणं म्हणजे त्याच्या गाण्याचे दात पाडणं.

वैनगंगा : माझाही विरोधच, पण कारण वेगळं. त्यांची जन नाट्य मंडळी ही पीपल्स वॉर या नक्षलवादी पक्षाची सांस्कृतिक आघाडी होती. तीच चळवळ १९८० च्या सुमारास गडचिरोलीत उतरली. इथे पोलीसही मेले आणि खबरी ठरवून आदिवासीही मारले गेले. त्या घरांना या पुरस्काराबद्दल काय सांगणार? ऑगस्ट २०२३ मध्ये शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, तेही मला पटले नव्हते.

डफतुणतुणं : वैनगंगा, तुमचं दुःख खरं आहे, पण गद्दर म्हणजे फक्त पक्ष नव्हे. ‘सिरिमल्ले चेट्टु किंद लच्चुमम्मा’ ऐका. झाडाखाली खिन्न बसलेल्या बाईला कवी विचारतो, का गं अशी बसलीस? लच्चुमम्मा हे त्यांच्या आईचं नाव. घोषणा नाही, शिवी नाही, आणि तरी राबणाऱ्या बाईचं सगळं जिणं समोर येतं. बुर्रकथा, ओग्गुकथा या गाऊन कथा सांगायच्या तेलुगू लोककलांच्या चाली उचलून, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात घुंगरू अशा वेशात ते उभे राहत. आपल्या शाहिरांचीच जात ही!

आणि माळरान, सिनेमा त्यांना परका कुठे होता? ‘मा भूमी’ चित्रपटात ‘बंडेनक बंडि कट्टि’ गाताना ते स्वतः पडद्यावर आहेत. बँकेतली नोकरी सोडलेला हा माणूस २०१८ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा मतदानाला गेला, संविधानाची भाषा बोलू लागला. ते स्वतः लोकशाहीकडे वळले असतील, तर लोकशाही सरकारने त्यांची आठवण का ठेवू नये?

वैनगंगा : वळले, मान्य. पण वळण्याआधीच्या गाण्यांनी जी पोरं जंगलात गेली, त्यांचं काय?

माळरान : पोरं जंगलात गेली ती जमीनदारीच्या जाचामुळे, वेठबिगारीमुळे. गाण्याने त्या जाचाला वाचा फोडली. हिंसेचा हिशेब ज्यांनी बंदुका चालवल्या त्यांच्याकडे मागा.

डफतुणतुणं, मतदान करणं वेगळं आणि सरकारचा शिक्का होणं वेगळं. पहिल्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेता अल्लू अर्जुन. त्याला पुरस्कारांची काय कमी? गद्दर यांच्या नावाने द्यायचंच असेल, तर गावात ओग्गुकथा सांगणाऱ्याला मानधन द्या.