गाणं सुचेनासं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?

सात महिने झाले, माझ्याकडून एक अंतरा पुरा झालेला नाही. मुखडे सुचतात आणि वहीत तसेच पडून राहतात. गाणी लिहिणाऱ्यांनो, तुमचा असा काळ कसा सरला? घडलेलं सांगा.

कोल्हापूरहून
आम्ही गणपती मंडळांसाठी गाणी करतो. चाल आधी, शब्द मागून. पेटीवाले काका 'ला ला'वर चाल गातात, मी मीटर धरायला 'भात आमटी, भात आमटी' असलं काहीही भरतो. गेल्या वर्षी ध्रुवपद 'मूर्ती'वर संपत होतं. तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, 'ती' लांबवताना गायिकेचा गळा आवळायचा. दोन दिवस अडलो. मग 'दारी उभा' केलं. 'भा'मधला 'आ' मोकळा लागला, आणि दारात कोण उभं आहे, एवढ्या पावसात का आलंय, हे सुचतच गेलं. दोन्ही अंतरे त्याच रात्री झाले. आता अडलो की अर्थाशी झगडत बसत नाही, गाऊन बघतो.

जळगावहून
आमच्याकडच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या कामाच्या ओघात यायच्या, सोपानदेवांनी त्या टिपल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. मला टेबलाशी बसून कधीच सुचलं नाही. भाकरी थापताना सुचतं, थापण्याला ठेका असतो. हात पिठाचे, म्हणून ओळ तोंडातच घोळवावी लागते. तवा उतरेपर्यंत जी टिकते तेवढीच लिहून ठेवते.

पुण्याहून
1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, आठवड्याला एक गाणं, एकूण 56. गदिमांची प्रतिभा कुठून आणणार, पण गुरुवार आणता येतो! दर गुरुवारी रात्री मित्र चालीसाठी माझी वाट बघतो. कोणी वाट बघत असलं की लिहून होतं.

मुंबईहून
माझं लिहिणं सुचेना म्हणून थांबलं नव्हतं. एका अल्बमवर माझ्या गाण्याखाली माझं नावच छापलं नाही. दीड वर्ष पेन धरवलं नाही. मग कॉपीराइट कायदा वाचला. 2012 च्या दुरुस्तीनंतर सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा करारातही सोडून देता येत नाही. आता आधी कागद, मग मुखडा. मन शांत असलं की शब्द येतात. नव्या मुलांनो, हे नक्की करा.

धागा काढणारी
कोल्हापूरकरांचं वाचून जुनी वही काढली. मार्चमधला मुखडा 'मिटली'वर संपतोय. आज पहिल्यांदा मोठ्याने गाऊन बघितला. 'ली' धरताच येत नाही. बदलतेय.