बॅटरी डिकीत हलवल्यावर अल्टरनेटरची वायर कोठे जोडावी?

प्रश्न
नमस्कार. बॉनेटखाली जागा अपुरी पडत असल्याने मी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी मागे डिकीत बसवत आहे. मूळ रचनेत अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) बी-प्लस टोकाची, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या पॉझिटिव्ह टोकाची वायर हातभर अंतरावरच्या बॅटरीला थेट जोडलेली होती. आता ते अंतर सुमारे ५ मीटर होईल. ही वायर स्वतंत्रपणे मागे न्यावी, की पुढेच स्टार्टरच्या (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या) मोठ्या बोल्टवर जोडून, बॅटरीपासून स्टार्टरकडे येणाऱ्या केबलमधूनच चार्जिंग होऊ द्यावे? व्होल्टेज-सेन्सची (किती व्होल्टेज पोहोचते हे अल्टरनेटरला कळवणारी) बारीक वायर कोठे न्यावी, हेही ठरत नाही. डिकीत बॅटरीजवळ गाडीची सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच बसवण्याचाही विचार आहे.

पहिले उत्तर
स्टार्टरच्या बोल्टवर जोडावी, असे माझे मत आहे. स्टार्टर काही सेकंद फिरतो आणि अल्टरनेटरचे काम त्यानंतर सुरू होते. त्यामुळे स्टार्टरचा भार पेलणारी केबल चार्जिंगला सहज पुरते. मात्र केबलच्या जाडीत काटकसर करू नये. ५ मीटर लांबीच्या १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा रोध साधारण ५.४ मिलिओम असतो, म्हणजे स्टार्टरने २०० अँपिअर ओढले की एक व्होल्टाहून अधिक केबलमध्येच खर्च होतो. ५० चौरस मिलिमीटरची केबल घेतल्यास हीच घट ०.३४ व्होल्टवर येते आणि ६० अँपिअर चार्जिंगच्या वेळी ती जेमतेम ०.१ व्होल्ट राहते.

सेन्सची वायर मी पुढच्या जोडावरच ठेवीन. बॅटरी भरत जाते तसा प्रवाह उतरतो, प्रवाहाबरोबर घटही उतरते, आणि शेवटी दोन्ही टोकांना जवळपास सारखेच व्होल्टेज मिळते. ती मागे नेल्यास घट भरून निघते हे खरे, परंतु लांबवर नेलेली बारीक वायर कोठे तुटली, तर काही रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्टेज ताब्यात ठेवणारे भाग) व्होल्टेज अनावर वाढू देतात आणि बॅटरी अतिचार्ज होते.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशी शक्य तितका जवळ हवा. पत्र्यातून जाणारी ही केबल कोठे घासून उघडी पडली, तर आगीपासून वाचवणारी तीच एक गोष्ट आहे. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे केबल घासू न देणारे कडे बसवावे.

दुसरे उत्तर
अर्थचा, म्हणजे बॉडीमार्गे निगेटिव्ह जोडणीचा उल्लेख राहिला. पॉझिटिव्ह केबल कितीही जाड असली, तरी परतीचा प्रवाह बॉडीतूनच जाणार. म्हणून बॅटरीचे निगेटिव्ह टोक रंग खरवडलेल्या पत्र्यावर तितक्याच जाड केबलने जोडावे आणि इंजिन ते बॉडी ही पट्टीही नवी व जाड घालावी. डिकी प्रवाशांच्या जागेपासून बंदिस्त नसेल, तर चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन बाहेर नेणारी नळी असलेला डबा हवा.

तिसरे उत्तर
पहिल्या उत्तरातली जोडणी स्विच नसताना योग्य आहे. पण आपण मुख्य स्विच बसवणार आहात, आणि येथे तीच जोडणी अडचणीची ठरते. इंजिन चालू असताना स्विचने बॅटरीची जोडणी तोडली, तरी अल्टरनेटर स्टार्टरच्या बोल्टमार्गे इग्निशनला वीज पुरवत राहतो. इंजिन बंदच पडत नाही, म्हणजे आणीबाणीत स्विच निरुपयोगी. शिवाय चार्जिंग जोरात चालू असता बॅटरी अचानक सुटली, की व्होल्टेज क्षणभर ४० व्होल्टांच्याही वर उसळू शकते आणि त्यात डायोड किंवा इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

यावर दोन मार्ग आहेत. अल्टरनेटरची वायर स्टार्टरला न जोडता स्वतंत्रपणे स्विचच्या बॅटरीकडील बोल्टवर न्यावी. मग स्विच फिरवल्यावर गाडीचा वीजपुरवठा तुटतो, अल्टरनेटर मात्र बॅटरीला जोडलेलाच राहतो. ही वायर कायम जिवंत असेल, म्हणून तिचाही फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा, कारण शॉर्ट झाल्यास खरा मोठा प्रवाह बॅटरीकडूनच येतो. दुसरा मार्ग म्हणजे इग्निशनचा पुरवठा त्याच वेळी तोडणारे जादा संपर्क असलेला स्विच घेणे. मी पहिला मार्ग निवडीन.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. स्विच हवाच आहे, म्हणून स्वतंत्र वायर मागे नेतो. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट व पंखा लावून बी-प्लस ते बॅटरी पॉझिटिव्ह आणि अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह अशी दोन्ही मापे मल्टिमीटरने घेईन आणि आकडे येथेच लिहीन.

तिसरे उत्तर
प्रत्येक माप ०.२ व्होल्टच्या आत यायला हवे. निगेटिव्ह बाजूचे जास्त आले, तर आधी इंजिनची अर्थ पट्टी तपासावी.