मदत हवी आहे: कानाच्या ट्यूमरनंतर तोल सावरायला व्हीआर?

आईचा अकूस्टिक न्यूरोमा (कानाच्या नसेवरची गाठ) काढला, त्यात त्या बाजूची तोलाची नस गेली. आता मेंदूला दुसरा कान, डोळे आणि तळपाय यांच्या भरवशावर तोल सांभाळायचाय. अंगठ्यावर नजर रोखून मान हलवायचा व्यायाम ती नेमाने करते, तरी अंधारात किंवा गर्दीत झोक जातोच. फिजिओथेरपिस्ट आता व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जगातले खेळ खेळायचे) लावून बघू म्हणतायत. थोडं गरगरल्याशिवाय मेंदू जुळवून घेत नाही, हे पटतं, पण मळमळायला लागलं तर ती सगळंच सोडून देईल (हट्टी आहे!). कुणी केलंय का हे? सुरुवात बसून की उभं राहून? एका वेळी किती मिनिटं? चष्म्यावर हेडसेट नीट बसतो का? आणि फरक खरंच चालण्यात पडला, की नुसते खेळातले गुण वाढले?